पहिला उलाळ झाला, दुसरा कुजला, तिसरा अजून चालतोय: गॅरेजमधल्या कॅम्पिंग ट्रेलरबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सुतारकाम बऱ्यापैकी येतं, वेल्डिंग अजिबात नाही. गॅरेज साडेपाच मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद. गाडी छोटी, बिनब्रेकचा ट्रेलर ५५० किलोपर्यंत ओढता येईल आणि हुकावर ६० किलोपर्यंत भार चालेल, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. दोघांना पाय पसरून झोपता यावं, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा समोर यावा. सुरुवात कुठून करायची, प्लाय किती जाडीचा घ्यायचा आणि किती महिने लागतील?

मी असे तीन बांधलेत. पहिला उलाळ झाला, म्हणजे मागे भार जास्त होऊन पुढून उचलला गेला, दुसरा कुजला, तिसरा अजून चालतोय. सुतारकामाचा हात तिन्हींत तोच होता. उलट सगळ्यात सुबक सांधे पहिल्याच्या कपाटांना होते. म्हणून सुतारकामाबद्दल मी फारसं बोलणार नाही, ते तुम्हाला येतंच. वजन आणि पाणी या दोन गोष्टींवर जास्त बोलतो, कारण सुतारकाम येणारा माणूस नेमका तिथेच फसतो. हाताला घरातल्या कपाटांची सवय असते. कपाट भिंतीला टेकून वीस वर्षं एका जागी उभं राहतं. इथे तेच कपाट खड्ड्यांतून ताशी ऐंशीच्या वेगाने धावणार, वर पाऊस आणि खालून चाकांचा चिखल.

आधी आकार ठरवा. प्लायचा ताव २४४ बाय १२२ सेंटिमीटरचा येतो आणि थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर जवळजवळ त्याच मापाचे असतात, हा योगायोग नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात हा आकार रुळला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी खटपट करणाऱ्यांच्या मासिकांतून त्याचे आराखडे छापून आले आणि एका तावात एक बाजू कापून निघते, म्हणून तो टिकला. तुम्हीही लांबी २.४ मीटर, उंची १.२ मीटर ठेवा. रुंदी मात्र दीड मीटर घ्या. १.२ मीटरमध्ये दोघं झोपतात खरी, पण रात्री कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवून. खडूने गॅरेजच्या फरशीवर चौकोन आखा, गादी टाका, दोघंही आडवे व्हा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

त्याच खडूने बाकीचाही हिशेब मांडा. डबा २.४, पुढचा दांडा १.२, म्हणजे लांबी ३.६ मीटर, करवतीच्या टेबलाला जागा उरते. चाकं डब्याच्या बाहेर आली की मडगार्डसकट रुंदी दोन मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजूंना जेमतेम ३५-३७ सेंटिमीटर. म्हणून दोन्ही बाजू जमिनीवर आडव्या पूर्ण करा, दारं आणि खिडक्या तिथेच कापून घ्या, आणि मगच उभ्या करा. उंची मोजताना छतावरचा पंखा धरा आणि गॅरेजचा दरवाजा उघडल्यावर किती खाली लोंबतो तेही बघा. मी धरलं नव्हतं. पंखा बसवल्यावर ट्रेलर दाराखालून निघेना. दोन्ही टायरची हवा सोडून, वर कापड धरून बाहेर काढला. शेजाऱ्यांची चांगली करमणूक झाली.

आता वजन. १८ मिलिमीटरचा एक ताव साधारण ३० ते ३५ किलो भरतो. दोन्ही बाजू, फळ्या, कपाटं, ओटा सगळं १८ मध्ये केलं, की नुसतं लाकूडच दोनशे किलोच्या पुढे जातं. माझा पहिला ट्रेलर कागदावर ३५० किलो होता, काट्यावर ४९० निघाला. त्यात गोंद, स्क्रू आणि रंग यांचंच वजन मी धरलं नव्हतं, तेच वीसेक किलो झालं. तुम्ही बाजू सँडविचसारख्या करा: बाहेर ६ मिलिमीटर प्लाय, मध्ये २५ मिलिमीटरच्या हलक्या लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्या खणांत एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलसारखा, पण घट्ट) तुकडे, आत ३ मिलिमीटर प्लाय. एका बाजूला दहाएक किलो वाचतात आणि ऊन-थंडी अडते ते वेगळंच. बिजागरी, कडी, पंखा, दिवा जिथे येणार तिथे फोमऐवजी भरीव लाकूड घालायला विसरू नका, आणि त्या जागांचा फोटो काढून ठेवा. आतला प्लाय चिकटल्यावर भरीव लाकूड कुठे आहे हे टकटक करून शोधावं लागतं आणि दर वेळी एक भोक चुकतं. कपाटांना दारं नकोत, कापडी पडदे किंवा जाळी चालते. ओट्याला १२ मिलिमीटर पुष्कळ झालं.

एकूण वजनापेक्षा ते कुठे बसलंय हे महत्त्वाचं. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे बैलगाडी जुंपणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मोटारीमागे तेच होतं तेव्हा दांडा वर उचलला गेलेला डोळ्यांना दिसत नाही, कारण कप्लरने, म्हणजे गाडीच्या हुकावर बसणाऱ्या त्याच्या टोकाने, तो धरून ठेवलेला असतो. वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. माझ्याबरोबर हे उतारावर झालं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही आणि वेग वाढवून सरळ करायला अजिबात जायचं नाही. मी नशिबाने पहिल्या दोन गोष्टी केल्या.

हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा, असा अमेरिकेतला ठोकताळा आहे. युरोपात ५ ते ७ टक्क्यांवर कॅराव्हॅन चालतात. घरी बांधलेल्या, आखूड दांड्याच्या ट्रेलरला मी दहाच्या खाली जाऊ देत नाही, आणि वरची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेची.

तुमचे आकडे धरून मांडतो. समजा सामानासकट ट्रेलर ४५० किलो. त्यातले ७० किलो एक्सल, चाकं आणि स्प्रिंगचे पाटे यांचे. ते एक्सलवरच बसतात, हुकावर त्यांचा भार येत नाही. उरले ३८०. टो बॉलपासून, म्हणजे गाडीच्या हुकाच्या गोळ्यापासून, एक्सल २.६ मीटरवर. हुकावर ५० किलो हवेत, म्हणजे अकरा टक्के, आणि तुमच्या ६० च्या आत. ५० गुणिले २.६ भागिले ३८० म्हणजे ०.३४. म्हणजे या ३८० किलोंचा तोल एक्सलच्या ३४ सेंटिमीटर पुढे पडायला हवा. एवढंच गणित. आता वीस लिटर पाण्याचा कॅन पुढच्या पेटीत, एक्सलच्या दीड मीटर पुढे, ठेवला होता तो सोयीसाठी मागच्या ओट्याखाली, एक्सलच्या एक मीटर मागे, सरकवला असं धरा. २० गुणिले २.५ भागिले २.६, म्हणजे हुकावरचे १९ किलो गेले. पन्नासाचे एकतीस झाले, सात टक्क्यांच्याही खाली. एका कॅनने! आणि ओटा मागेच असतो, त्यामुळे शेगडी, भांडी, पाणी, बर्फाची पेटी असं सगळं जड सामान आपोआप मागे जमतं. त्याला तोड म्हणून बॅटरी, जॅक आणि पाणी पुढच्या पेटीत घाला.

म्हणून एक्सलची जागा आधी पक्की करू नका. सगळे आराखडे एक्सल कुठे ते छापतात आणि आपण डोळे मिटून तिथेच वेल्ड करून घेतो. तो तोल आराखडा काढणाऱ्याच्या सामानाचा असतो. पाटे चौकटीला अडकवणारे हँगर बोल्टने बसणारे करून घ्या आणि बाजूच्या ट्यूबांना ५० मिलिमीटरच्या अंतराने चार-पाच जागी भोकं ठेवा. भोकं ट्यूबच्या उभ्या बाजूत, मधोमध हवीत. वरच्या-खालच्या बाजूत पाडली तर चौकट तिथेच तडकते. प्रत्येक भोकात नळीचा तुकडा आरपार वेल्ड करून घ्या, नाहीतर बोल्ट आवळताना ट्यूब चेपते. डबा, दारं, ओटा झाल्यावर, एक्सल लावायच्या आधी, सगळं चौकटीसकट एका आडव्या जाड पाइपवर ठेवा, पुढे-मागे लाकडी ठोकळे देऊन. गाद्या, बॅटरी, पाण्याचे कॅन, सगळं खऱ्या जागी ठेवा. पाइप सरकवत तोल शोधा. तिथे खूण करा, ३४ सेंटिमीटर मागे मोजा. सगळ्यात जवळचं भोक तुमचं. हे काम दोघांनीच करा, आणि ठोकळे काढल्यावर कोणीही खाली हात घालायचा नाही.

शेवटी खरा भार मोजायला घरातला वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, दांडा प्रवासात असतो त्याच उंचीवर, आणि दांड्याखाली ठोकळा देऊन काटा. भार काट्याच्या मर्यादेबाहेर वाटला तर एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि दांडा विटेपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवा. आधी नुसत्या फळीचा आकडा घ्या, तो वजा करा आणि आलेल्याची तिप्पट करा.

चौकट आणि वेल्डिंग. दांड्यावर वेल्डिंग शिकू नका. मापं काढून, ट्यूब कापून द्या आणि वेल्ड अनुभवी माणसाकडून करून घ्या. ५० बाय ५० बाय ३ ची चौकोनी ट्यूब तुमच्या आकाराला पुरते. मीटरला सव्वाचार-साडेचार किलो, म्हणजे दहा-अकरा मीटरला ४५-४८ किलो. आधी नुसते टॅक, म्हणजे ठिपक्यांएवढे तात्पुरते वेल्ड, मारायला सांगा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, ते सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड, आणि तेही आलटून-पालटून समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकाच बाजूने सलग मारत गेलं तर चौकट ओढली जाऊन पतंगासारखी होते, आणि मग तुमचा प्रत्येक काटकोन खोटा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरणार असाल तर वेल्डच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढायला हवा, तो धूर माणसाला तापाने आडवा करतो. याहूनही सोपा मार्ग म्हणजे कागदपत्रं असलेला छोटा मालवाहू ट्रेलर विकत घेऊन त्याच्या चौकटीवर डबा बांधायचा. नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असतात, कुठे एक सही तर कुठे पूर्ण तपासणी. तुमच्याकडे घरी बांधलेल्या चौकटीला नंबर कसा मिळतो, हे पहिला पाइप कापायच्या आधी नोंदणी कार्यालयात विचारून या. दिवे, रिफ्लेक्टर आणि बिनब्रेकची मर्यादाही तिथेच कळेल. युरोपात ती ७५० किलो आहे.

कप्लरबद्दल एकच. टो बॉल ५० मिलिमीटरचे असतात, दोन इंची असतात, आणि एक पूर्णांक सात अष्टमांश इंचीही असतात, म्हणजे साधारण ४७.६ मिलिमीटर. दोन इंची कप्लर त्या लहान बॉलवर बसतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. दोन्हींवर कोरलेलं माप वाचा. जोडल्यावर जॉकी व्हीलने, म्हणजे दांड्याखालच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने, दांडा वर उचला. गाडीची मागची बाजू बरोबर उचलली गेली तर ठीक. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे निसटलाच तर दांडा त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

आता दुसरा ट्रेलर, जो कुजला. तो तोलाला उत्तम होता. चौदा महिन्यांनी झाकणाच्या बिजागरीजवळ रंगाला बारीक फुगा आला. बोट दाबलं तर बोट आत गेलं. उकलून बघितलं तर वरची आडवी पट्टी ओल्या चहाच्या चोथ्यासारखी हातात आली. पाणी बिजागरीच्या पट्टीखालून शिरलं नव्हतं, तिथे सील होतं. ते शिरलं स्क्रूच्या आट्यांवरून, थेंब थेंब, आणि प्लायच्या थरांमधून हातभर लांब पसरलं. मरीन प्लाय होता. मरीनचा मुख्य फायदा हा की गोंद पाण्याने सुटत नाही. लाकूड लाकूडच राहतं.

तेव्हापासून बाहेरून आत जाणारा प्रत्येक स्क्रू मी असा बसवतो. स्क्रूपेक्षा दुप्पट जाड भोक पाडायचं, इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) गच्च भरायचं, दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं बारीक भोक पाडायचं. आता पाणी आट्यांवरून आलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. शंभर-सव्वाशे भोकं होतात, अत्यंत कंटाळवाणं काम, दोन रविवार जातात. ते टाळू नका. प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. कडा पहिला हात पाण्यासारखा पिऊन टाकतात. जमिनीचा प्लाय चौकटीवर ठेवायच्या आधी उलटा करून खालून पूर्ण रंगवा, नंतर तिथे हात पोचत नाही. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच, अंदाजाने नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कधीच नीट सुकत नाही.

सिलिकॉन गॅरेजमध्ये आणूच नका. ते एकदा लागलं की त्यावर रंग चिकटत नाही, दुसरं सील चिकटत नाही, नवं सिलिकॉनही नीट धरत नाही. पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), उघड्या सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट.

बाहेरच्या आवरणाचे दोन मार्ग मला पटतात. एक ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो दिसतो झकास, पण उन्हात वाढतो: २.४४ मीटरचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने सव्वादोन मिलिमीटर लांब होतो. तुम्ही तो पूर्ण गोंदाने चिकटवला, तर दुपारी लाटा येतात आणि रात्री थंड होताना 'ढब' असा आवाज करून झोपमोड करतो. म्हणून फक्त कडांच्या पट्ट्यांखाली धरा, आणि भोकं किंचित लांबट ठेवा. दुसरा मार्ग गरिबाचं फायबरग्लास: सुती कॅनव्हास वॉटरप्रूफ गोंदात भिजवून प्लायवर ताणून बसवायचा आणि वर बाहेरच्या भिंतीचा रंग, चार-पाच हात. हसू नका, माझ्या तिसऱ्यावर तेच आहे. ओरखडा पडला की रंगाचा एक ब्रश पुरतो.

पाणी तपासायला एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप मारायचा. सुरुवात खालून, चाकांच्या बाजूने. पावसात तिथूनच जास्त मारा होतो. आधीच वरून पाणी सोडलं तर सगळीकडून गळतं आणि भोक नेमकं कुठे ते कळत नाही. एकेका पातळीवर दहा-दहा मिनिटं थांबत वर या.

पाणी आतूनही येतं. दोन माणसं झोपेत रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त ओल श्वासातून आणि घामातून सोडतात, आणि एवढ्याशा डब्यात ती थंड छतावर धरून पहाटे कपाळावर ठिबकते. छतावर पंखा हवाच. बहुतेक १४ इंची चौकोनी भोकात बसतात. पंखा हवा बाहेर फेकतो, तेव्हा हवा आत यायला खाली फट ठेवा. गादी थेट प्लायवर टाकू नका. खाली फळ्यांची जाळी किंवा प्लास्टिकची जाड जाळी हवी, नाहीतर महिन्याभरात गादीच्या पाठीवर काळे ठिपके.

वीज १२ व्होल्टची आणि साधी. पंखा रात्रभर दोन अँपिअरने म्हणजे सोळा अँपिअर-तास, दिवे चार, फोन पाच. पंचवीस झाले. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५० अँपिअर-तासांची बॅटरी दोन रात्री काढते आणि सहा किलोंच्या आसपास भरते. तेवढंच काम देणारी लेड-ॲसिड त्याच्या चौपट जड. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. मागच्या दिव्यांचं अर्थिंग चौकटीवर सोडू नका, वेगळी तार ओढा. दिवे लुकलुकतात तेव्हा दहात नऊ वेळा गंजलेलं अर्थिंगच निघतं.

शेगडी मागच्या ओट्यावर, झाकण उघडं असताना, आणि फक्त तिथेच. झोपायच्या भागात शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही. एवढ्या छोट्या बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडला फार वेळ लागत नाही आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म डोक्याच्या बाजूला लावा. सिलेंडरचा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा आणि झोपायच्या भागाकडची भिंत घट्ट बंद करा.

महिने? माझ्या पहिल्याला साडेतीनशे तास लागले. शनिवार-रविवार धरून आठ महिने. त्यातले निम्मे तास डबा 'झाल्यावर' गेले, म्हणजे दारं बसवणं, सील, वायरिंग आणि रंग. दारांना तर वेगळाच वेळ राखून ठेवा, आणि दाराचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते आणि रबरी सीलही नीट वळत नाही.

पहिली फेरी रिकामी, जवळची, दिवसाउजेडी. वीस किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावा. कोमट ठीक. हात टिकत नसेल, किंवा एक कोमट आणि दुसरा कढत असेल, तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस नाही; तिथूनच हळू मागे फिरा. चाकांचे नट ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हँगरचे बोल्टही तेव्हाच. माझ्या तिसऱ्याचा एक नट त्या वेळी पाऊण फेरा फिरला होता.